मोबाइल गेममधून पैसे मिळतात का? माझ्या ‘बदाम सात’चा हिशेब

गेल्या महिन्यात गेमचे साधारण अकरा हजार रुपये झाले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण मला विचारणारे दोनच प्रकारचे असतात. एकाला वाटतं मी लाखांत खेळते, दुसऱ्याला वाटतं फुकटच्या गेममधून कसले आलेत पैसे. अकरा हजारात आमच्या इचलकरंजीत किराणा, वीजबिल आणि इंटरनेट निघतं. नोकरी सोडता येत नाही. दिवसा मी घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, गेम रात्री नऊनंतर.

हा माझा दुसरा गेम. पहिला केला त्यात वडापावच्या गाड्यांवरून उड्या मारत पळणारा एक पोऱ्या होता. आठ महिने घालवले त्यात. डाउनलोड झाले ४१२, त्यातले साठेक तर नातेवाईकच. जाहिरातींचे जमले सहा डॉलर. अ‍ॅडमॉबमध्ये, म्हणजे गेममध्ये जाहिराती दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेत, शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, त्यामुळे ते सहा डॉलर दुसरा गेम येईपर्यंत दीड वर्ष तिथेच पडून होते.

दुसरा गेम सात आठवड्यांत झाला आणि पहिल्यापेक्षा दिसायला साधा आहे. तरी तो चालतो. का चालतो ते कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून तेच सविस्तर लिहिते.

गेम कोणता निवडायचा

नवीन माणूस आला की तो फ्लॅपी बर्डचं उदाहरण देतो. व्हिएतनामच्या डाँग न्युएनने एकट्याने केलेला गेम, मे २०१३ मध्ये आला, आणि पुढच्या वर्षी दिवसाला ५० हजार डॉलर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने स्वतःच तो काढून टाकला. खरी गोष्ट आहे. पण कुणाच्या काकाला लॉटरी लागली म्हणून आपण रोज तिकीट काढत बसत नाही.

मला त्यापेक्षा थ्रीज आणि २०४८ ची गोष्ट जास्त कामाची वाटते. थ्रीज हा आकडे सरकवण्याचा गेम, करणाऱ्यांनी त्यावर वर्षाहून जास्त काळ मेहनत केली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तो विकत घ्यायचा गेम म्हणून आणला. महिन्याभरात इटलीतल्या एकोणीस वर्षांच्या गॅब्रिएले चिरुल्लीने एका शनिवार-रविवारात त्याच जातीचा २०४८ लिहून फुकट ठेवला. मग दुसऱ्याच एका कंपनीने त्याचं मोबाइल अ‍ॅप काढलं आणि ते स्टोअरच्या लोकप्रिय गेमच्या याद्यांमध्ये वर गेलं. म्हणजे कल्पना साधी आणि छान असेल तर ती तुमच्याकडे राहीलच असं नाही. एकट्या माणसाकडे वकील नसतो, जाहिरातीला पैसे नसतात.

मग आपल्याकडे काय असतं? आपली माणसं असतात, आणि ती काय खेळतात हे आपल्याला माहीत असतं. लुडो किंग बघा. मुंबईच्या गेमशनने २०१६ मध्ये आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरात गेला. त्यात नवीन कल्पना काय होती? लुडो. सगळ्यांना येणारा खेळ, कुणाला शिकवायला लागत नाही.

माझ्या डोक्यात हे बसलं ते मे महिन्याच्या सुट्टीत. घरात नऊ माणसं, लाइट गेलेली, आणि सगळे बदाम सात खेळत होते. सात वर्षांचा भाचाही आणि सदुसष्ट वर्षांची आत्याही. वडापावच्या पोऱ्याला मी नियम समजावणारे चार पडदे केले होते आणि तरी लोकांना कळत नव्हतं. इथे बदामची सत्ती टाकली की खेळ सुरू.

स्टोअरवर बदाम सातचे गेम आधीच होते. मी ते सगळे उतरवून खेळले आणि वहीत लिहून काढलं की कुठे चीड येते. एकात पानं इतकी बारीक की चौकट आणि बदाम ओळखू येईना. एकाला इंटरनेट लागायचं. बहुतेकांत मराठी नव्हतं, ‘किलवर’ला सगळीकडे इंग्रजी नाव. माझा गेम म्हणजे त्या वहीतल्या तक्रारींची दुरुस्ती आहे, बाकी काही नाही. तुम्हाला पत्त्यात रस नसेल तर नवा व्यापार घ्या, शब्दकोडं घ्या, वाघबकरी घ्या. फक्त निवडण्याआधी तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना तो खेळ न शिकवता खेळता येतो का, हे बघून घ्या.

खर्च किती येतो

गेम गोडो इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या एका तयार सॉफ्टवेअरवर, केलाय. फुकट आहे आणि एमआयटी परवान्यात आहे, म्हणजे उद्या कुणी भाडं मागायला येणार नाही. आधी मी युनिटी हे दुसरं इंजिन शिकत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी दर इन्स्टॉलमागे पैसे घेण्याची योजना जाहीर केली आणि मी घाबरून बाजूला झाले. वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, त्यांनी ती मागे घेतली. आता युनिटी शिकायला हरकत नाही, पण पत्त्यांच्या खेळाला गोडो पुरून उरतो.

प्ले स्टोअरचं खातं २५ डॉलर, एकदाच. अ‍ॅपलचं ९९ डॉलर, दर वर्षी, शिवाय मॅक लागतो. पहिल्या गेमला अ‍ॅपलच्या वाटेला जाऊ नका. पानांची चित्रं मी स्वतः काढली, सहा रविवार लागले. पत्ते पिसण्याचा आवाज फोनवरच रेकॉर्ड केला, पण आमच्या गल्लीत दिवसरात्र मागांची खटखट असते, त्यामुळे लाइट जायची वाट बघत बसावं लागलं. दोन मंगळवार गेले त्यात. एकूण खर्च चार हजारांच्या आत.

खात्याबाबत दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं काढलेल्यांना गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी बंद चाचणी करावी लागते. माझ्या वेळी २० माणसं सलग १४ दिवस लागायची, डिसेंबर २०२४ पासून १२ पुरतात. मी आमच्या भिशीतल्या बायका पकडल्या. मोजून वीस. नवव्या दिवशी एकीने फोन बदलला, चाचणीतून बाहेर पडली आणि आकडा एकोणीसवर आला. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा १२ लागत असतील तर १६ गोळा करा, आणि प्रत्येकीकडून फोनमधला ईमेल नेमका कोणता ते आधी घ्या. अर्ध्याजणींना तो माहीत नसतो, तो मुलाने काढून दिलेला असतो.

दुसरी गोष्ट घराच्या पत्त्याची. वैयक्तिक खात्यावरून पैसे कमवायला लागलात की तुमचा पूर्ण पत्ता स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. मला हे उशिरा कळलं. एकट्या राहणाऱ्या मुलींनी यावर आधीच विचार करावा. माझ्या एका मैत्रिणीने भावाच्या दुकानाचा पत्ता त्याला विचारून, कागदपत्रांसकट लावला.

जाहिरात कुठे लावायची

यात मी सगळ्यात जास्त चुकले. पहिल्या आवृत्तीत दर तिसऱ्या चालीनंतर पूर्ण पडद्याची जाहिरात लावली होती, कुठल्याशा व्हिडिओत तसं सांगितलं होतं म्हणून. आत्या चष्मा नाकावर ओढून सोफ्यावर खेळायला बसली. इस्पिकची अठ्ठी तिने अडवून धरली होती, समोरचे तिघे पास-पास करत होते आणि ती गालातल्या गालात हसत होती. नेमकी तेव्हाच कर्ज देणाऱ्या कुठल्या तरी अ‍ॅपची जाहिरात आली.

“हे काय आलं गं? मोडला का तुझा खेळ?”

“आत्या, जाहिरात आहे ती. कोपऱ्यातली फुली दाब.”

फुली पाच सेकंद दिसतच नाही. तिने मधेच कुठेतरी बोट लावलं, स्टोअर उघडलं, परत यायचं कसं ते तिला कळेना. फोन माझ्या हातात दिला आणि ती कुकर लावायला उठली. त्या दिवशी काही परत खेळली नाही.

नंतर आकडे बघितले तर शंभर नवे लोक आले की दुसऱ्या दिवशी चौदाच परत येत होते. मी चालींमधली जाहिरात काढली आणि ती दर दोन डावांनंतर, गुण दाखवल्यावर लावली. त्या वेळी माणूस तसाही पाणी प्यायला उठलेला असतो. दुसऱ्या दिवशी परत येणारे एकतीस झाले. दर डावाला जाहिराती कमी झाल्या आणि कमाई अडीच पट झाली.

खरे पैसे बक्षिसाच्या जाहिरातीत आहेत, म्हणजे खेळणारा स्वतःहून बघतो आणि बदल्यात त्याला काहीतरी मिळतं. सगळे नाणी देतात. पण बदाम सातमध्ये नाण्यांचं करायचं काय? ही कल्पना आत्यानेच दिली, नकळत. ती घरी खेळताना शेजारच्याच्या पानांत डोकावते, सगळ्यांना माहीत आहे, कुणी काही म्हणत नाही. मग मी ‘डोकाव’ नावाचं बटण केलं. जाहिरात बघा, उजवीकडच्याची पानं तीन सेकंद उलटी होऊन दिसतात. एका डावात एकदाच. कोण अठ्ठी अडवून बसलाय ते बघायला लोक आनंदाने अर्धा मिनिट जाहिरात बघतात. तुमच्या खेळात असं काय आहे, जे घरी खेळताना लोक चोरून करतात? ते शोधा.

बॅनर, म्हणजे पडद्यावर कायम दिसणारी जाहिरातीची पट्टी, मी काढून टाकला. पैसे किरकोळ मिळायचे आणि हातातली पानं झाकली जायची.

शिवाय १४९ रुपयांत जाहिराती कायमच्या बंद करायची सोय ठेवली आहे. महिन्याला बाराएक जण घेतात. यात स्टोअरचा वाटा १५ टक्के, म्हणजे १४९ मधले साधारण १२६ राहतात, कर वेगळा. हा १५ टक्क्यांचा दर जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर आहे, पण तो आपोआप लागत नाही, प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे आपल्या प्ले स्टोअर खात्याच्या साइटवर, जाऊन अटी मान्य कराव्या लागतात. ते न करता ३० टक्के देत बसलेले लोक मी बघितलेत.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: स्वतःच्या गेममधल्या जाहिरातीवर बोट लावायचं नाही, घरच्यांनाही लावू द्यायचं नाही. तपासताना चाचणीच्या जाहिरातींचा आयडी वापरा. ओळखीतल्या एकाच्या ऑफिसमधल्या मित्रांनी ‘मदत म्हणून’ दुपारभर क्लिक केले आणि त्याचं खातंच बंद झालं. भांडून काही उपयोग झाला नाही.

रोजचा हिशेब

हजार वेळा जाहिरात दिसली की किती मिळाले, त्याला ईसीपीएम म्हणतात. माझ्याकडे रोज नऊशे माणसं खेळतात आणि सगळ्या मिळून ३,९०० जाहिराती दिसतात. त्यातल्या ३,६०० भारतात, हजाराला ४५ रुपयांच्या आसपास, म्हणजे १६२ रुपये. उरलेल्या ३०० अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात, हजाराला साधारण ५०० रुपये, म्हणजे १५० रुपये. पुन्हा वाचा. शंभरातल्या आठच जाहिराती परदेशात दिसतात आणि कमाई जवळजवळ निम्मी त्यांची. हे माझ्या गेमचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. दिवाळीत दर चढतात, जानेवारीत पडतात.

हे परदेशातले खेळाडू कोण? आपलेच. माझी मामेबहीण न्यू जर्सीला असते, तिने गणपतीच्या आधी तिथल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली. मंडळातल्या कुणाकुणाच्या सासूबाई तिकडे सहा महिने राहायला आलेल्या असतात, दिवसा घरी एकट्या, हातात टॅब. त्यांच्यासाठी मराठीत मोठ्या पानांचा बदाम सात. हे ठरवून केलं नव्हतं, पण कळल्यावर मी अक्षरं आणखी एका मापाने वाढवली आणि टॅबसाठी पडदा वेगळा केला.

जाहिरात देऊन माणसं आणावीत का? मी तीन हजार रुपये घालून बघितले. एक इन्स्टॉल सात रुपयांना पडला. आता दिवसाचे ३१२ रुपये नऊशे जणांत वाटले तर एक माणूस मला दिवसाला ३५ पैसे देतो. तो सरासरी दहा दिवस खेळला तर साडेतीन रुपये. सात घालून साडेतीन मिळवायचे. जेवढं जास्त घालाल तेवढा खड्डा मोठा. मोठ्या कंपन्या हाच हिशेब मांडतात, फक्त त्यांचा खेळाडू दहा दिवसांऐवजी दोनशे दिवस टिकतो किंवा नाणी विकत घेतो. तुमचा आकडा उलटा येईपर्यंत, म्हणजे माणूस आणायला लागतात त्यापेक्षा तो देतो जास्त असं दिसेपर्यंत, जाहिरातीवर एक रुपयासुद्धा घालू नका. ही आकडेमोड कागदावर करायला पाच मिनिटं लागतात. मी ती तीन हजार गेल्यावर केली.

फुकटात जे होतं ते आधी करा. स्टोअरवरच्या नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. लोक मराठी खेळ शोधतात, पण टाइप करतात रोमन लिपीत, तेही प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग करून. म्हणून नावात दोन्ही लिप्या ठेवा. मराठी वर्णन वेगळं जोडता येतं, ते भाषांतर करून नको, सरळ लिहा. माझ्या ८० अक्षरांच्या छोट्या वर्णनात आहे: ‘इंटरनेट नको, मोठी पानं, आजीलाही जमेल.’ हे टाकल्यावर स्टोअरवरचं पान बघून गेम उतरवणारे वाढले. आयकॉनवर फक्त बदामाची सत्ती आहे.

प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्या. एकाने एक तारा देऊन लिहिलं होतं, “कॉम्प्युटर लबाडी करतो.” करत नव्हता. पण सगळ्यांना तसंच वाटत होतं, कारण तो पान पटकन टाकायचा. मी दीड सेकंद थांबायला लावलं, विचार करतोय असं दाखवून. तक्रारी थांबल्या, खेळ तोच.

कायदा, कर आणि बाकीची कटकट

पत्त्यांचा गेम म्हटल्यावर कुणीतरी सुचवतंच, “पैसे लावून ठेव की, बघ कसा पळतो.” नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. गेम टाकताना वयोगटाची प्रश्नावली येते, त्यात जुगाराबद्दल विचारतात. तिथे खरं लिहा. गेम लहान मुलांसाठी आहे असं सांगितलंत तर कुटुंबांसाठीचे नियम लागतात आणि त्यात मान्य असलेल्याच जाहिरात-यंत्रणा चालतात. माझा गेम सगळ्यांसाठी आहे, पण खास मुलांसाठी नाही, म्हणून मी तो मोठ्यांच्या वयोगटातच ठेवला आणि कार्टून चित्रं टाळली.

एकदा टाकला की झालं, असंही नसतं. दर वर्षी नव्या अँड्रॉइडप्रमाणे गेम पुन्हा बांधून द्यावा लागतो, नाहीतर स्टोअर अपडेट घेत नाही आणि काही काळाने नव्या फोनवर तो दिसेनासा होतो. ऑगस्टमधले दोन शनिवार-रविवार मी त्यासाठी राखूनच ठेवते.

अ‍ॅडमॉबमध्ये दहा डॉलर जमले की पत्ता तपासायला पोस्टाने एक पिन येतो. साधं पाकीट असतं, जाहिरातीचा कागद समजून फेकलं जातं. पोस्टमन काकांना आधी सांगून ठेवा. अमेरिकी करासाठी डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, त्यासाठी पॅन हाताशी हवं. मग महिन्याच्या २१ ते २६ तारखांच्या दरम्यान पैसे निघतात.

पहिल्यांदा बँकेत पैसे आले तेव्हा मला शाखेतून फोन आला. परदेशातून रक्कम आली आहे, कशाची आहे, मॅडम? मी म्हटलं, गेममधल्या जाहिरातींची. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी परपज कोड, म्हणजे परदेशातले पैसे कशाचे ते सांगणारा कोड, विचारला, मला माहीत नव्हता, आणि पैसे चार दिवस अडकले. तेव्हा आधीच सीएकडे जाऊन कोड विचारून घ्या आणि रक्कम जमा झाली की बँकेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला मागून घ्या. मार्चमध्ये सीए पहिला तोच मागतो. माझ्याकडे पहिल्या चार महिन्यांचे नव्हते, ते काढायला शाखेत तीन चकरा झाल्या.